थर आणि वाट

आमच्या जाफराबादकडे विहीर खोदायला घेतली की वरून खाली काय काय लागणार हे जुन्या माणसांना तोंडपाठ असते. आधी काळी माती, मग चुनखड मिसळलेली पांढरट माती, मग मुरूम. मुरमाखाली मांजऱ्या, म्हणजे ठिसूळ सच्छिद्र खडक, आणि मांजऱ्याखाली काळा पाषाण. कधी कधी दोन पाषाणांच्या मधोमध वीतभर रुंदीचा, गेरूसारखा लाल पट्टा लागतो. पहारेचा आवाज बदलला की काठावर बसलेला म्हातारा न वाकताच सांगतो, ‘‘मांजऱ्या संपला.’’

लहानपणी आमच्या मळ्यातल्या विहिरीच्या काठावर मी असाच बसून असे. एकदा सुरुंग लावून वर आलेल्या वडारकाकांना मी विचारले, ‘‘काका, अजून खाली गेले तर कोळसा लागेल का?’’ ते हसले आणि म्हणाले, ‘‘कोळसा आपल्या नशिबी नाही, बाळा. पाणी लागलं तरी पुष्कळ झालं.’’ पण गावातल्या लोहाराच्या भात्यापुढे मी दगडी कोळसा पाहिला होता. गोणपाटाच्या पोत्यातून तो जालन्याहून येई. आपल्या पाषाणात जो नाही, तो आपल्या गावात पोचतो कसा, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला. त्याचे उत्तर शोधण्यात माझी बरीच वर्षे गेली. हे पुस्तक त्याच शोधातून आले आहे.

या पुस्तकाचा विषय म्हणजे इंग्रजी अमदानीत आपल्या मुलखाजवळ कोळशाचे थर कसे शोधले गेले आणि तो कोळसा बाजारापर्यंत कसा नेला गेला. यातल्या पहिल्या भागावर मराठीत थोडेबहुत लिहिले गेले आहे, दुसरा मात्र बहुतेक वेळा एका वाक्यात उरकला जातो. मला हे दोन भाग वेगळे करता येत नाहीत. जमिनीतला काळा थर हा नुसता दगड असतो. कुठल्या तरी भट्टीच्या दारात तो परवडणाऱ्या किमतीत पोचू शकतो असा हिशेब बसला, की मगच त्याचा कोळसा होतो. पुढची सगळी प्रकरणे या एका म्हणण्याभोवती उभी आहेत.

आधी जमिनीबद्दल. आपला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. लाव्हा थरांवर थर पसरत गेला, म्हणून विहिरीत मांजऱ्या आणि पाषाण पुन्हा पुन्हा भेटतात. आपल्या मुलखाजवळचा कोळसा त्याच्या कितीतरी आधीचा, पंचवीस कोटी वर्षांहून जुना. दलदलीत गाडल्या गेलेल्या झाडपाल्यापासून तो तयार झाला. या खडकांच्या समूहाला हेन्री मेडलिकॉट या भूवैज्ञानिकाने 1872 मध्ये ‘गोंडवाना’ हे नाव दिले. गोंडांच्या राज्यावरून दिलेले हे नाव पुढे जगभरातल्या भूविज्ञानात रुजले आणि दक्षिणेकडच्या खंडांच्या एकेकाळच्या महाखंडालाही तेच मिळाले. चंद्रपूर-नागपूरच्या मातीतले नाव आज दक्षिण अमेरिकेतल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या पाठ्यपुस्तकांत आहे, हे आपल्या मुलांना शाळेत सांगितले पाहिजे.

मग मराठवाड्याच्या पाषाणाखाली काय आहे? 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला संशोधनासाठी 617 मीटर खोल छिद्र घेतले गेले. तिथे 338 मीटरपर्यंत लाव्हाचा खडक लागला, त्याखाली जेमतेम आठ मीटर गाळाचा थर आणि मग थेट अतिप्राचीन ग्रॅनाइटच्या जातीचा खडक. निदान किल्लारीपुरते तरी वडारकाकांचे उत्तर खरे ठरले. कोळसा आहे तो पूर्वेला. वर्धा नदीच्या काठाने लाव्हाची चादर जिथे विरत जाते, तिथे वरोरा, घुग्गुस, चंद्रपूर, बल्लारपूर आणि नदीपलीकडे राजुरा अशी त्याची रांग लागते.

हा कोळसा शोधला कसा? 1851 मध्ये टॉमस ओल्डहॅम कलकत्त्याला आले आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभाग उभा राहिला. कंपनी सरकारला हा विभाग हवा होता तो प्रामुख्याने कोळशासाठी. आगबोटी सुरू झाल्या होत्या, रेल्वे येऊ घातली होती आणि दोन्हींना इंधन लागणार होते. ओल्डहॅम यांच्या आधी याच कामावर नेमलेले डी. एच. विल्यम्स 1848 मध्येच जंगलातल्या तापाने गेले. सर्वेक्षणाचे काम किती जोखमीचे होते ते यावरून कळते. नागपूरकडे सरकारी भूवैज्ञानिक यायच्या आधीच स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी आसपासच्या खडकांतली जीवाश्मे गोळा करत होते. त्यांचे नागपूरच्या भूस्तरांवरचे लेखन 1855 मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. विल्यम ब्लॅनफर्ड यांनी चांद्याजवळच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरजवळच्या, कोळशाच्या थरांवर 1868 मध्ये टिपण प्रसिद्ध केले आणि थिओडोर ह्यूज यांनी वर्धा खोऱ्याच्या कोळसा क्षेत्राचा सविस्तर ग्रंथ 1877 मध्ये पूर्ण केला.

या माणसांची काम करण्याची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. पावसाळा सरला की ते तंबू घेऊन निघत आणि नदी-नाल्यांच्या काठाने चालत, कारण पाण्याने कापलेली दरड ही आयती उघडी पडलेली विहीरच असते. दरडीत कुठला थर वर आहे, कुठला खाली आणि तो कोणत्या दिशेला किती अंशांनी कलला आहे, हे ते मांडत. त्यांचा नियम साधा होता. सगळ्यात खाली तालचिर थर, त्यावर बराकर आणि त्याच्यावर कामठी. कोळसा बराकरात असतो. कामठीचा तांबूस वाळूचा खडक दिसला तर आशा ठेवायची, कारण बराकर त्याच्या पोटाखाली असू शकतो. तालचिर लागला की मात्र थांबायचे, त्याखाली कोळसा नाही. या तालचिर थरात हिमनद्यांनी वाहून आणलेले गोटे सापडतात. पैनगंगेच्या काठी इरई गावाजवळ तालचिराखालच्या चुनखडीवर हिमनदीने ओढलेले ओरखडे आजही दिसतात. चांद्याच्या उन्हात उभे राहून एकेकाळच्या बर्फाची खूण पाहायची आणि तिच्यावरून पुढे खोदायचे की नाही हे ठरवायचे, असे ते शास्त्र होते.

दरडीत जे दिसत नसे त्यासाठी छिद्र घ्यावे लागे. तीन वाशांची तिपाई उभी करायची, तिच्या माथ्यावर कप्पी आणि कप्पीवरून दोर. दोराला एकमेकींत आटे देऊन जोडलेल्या लोखंडी सळ्या आणि शेवटच्या सळीला छिन्नी. मजुरांनी दोर ओढून छिन्नी वर घ्यायची, थोडी फिरवायची आणि सोडून द्यायची. दिवसभर हेच चाले. ठरावीक खोलीनंतर सळ्या काढून घेऊन एक पोकळ नळा खाली सोडायचा आणि भुकटी झालेला चिखल वर आणायचा. तो चिखल पाण्यात धुऊन घमेल्यात पाहायचा. पांढरट वाळू आली तर तशी नोंद, काळे कण आले तर खोली लिहून ठेवायची. इथे फसगत व्हायची ती कार्बनयुक्त काळ्या चिकणखडकाची. चिखलात तोही काळाच दिसतो. म्हणून कण पुसून, वाळवून, जाळून पाहत. आपल्या विहिरीवरच्या म्हाताऱ्याचे कान आणि त्या घमेल्यातल्या चिखलावर खिळलेले डोळे ही एकाच विद्येची दोन रूपे आहेत असे मला नेहमी वाटते. दोर ओढणाऱ्या त्या मजुरांची नावे कुठल्याही नकाशावर नाहीत. नकाशा मात्र त्यांच्या खांद्यांवर उभा राहिला.

आता वाटेबद्दल. 1853 मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि 1867 मध्ये रुळ नागपूरला पोचले. इंजिने विलायतेहून आलेला कोळसा खात, जोडीला जंगलातली लाकडे. बंगालमध्ये राणीगंजचा कोळसा आधीपासून निघत होता, पण रेल्वे येईपर्यंत तो दामोदर नदीतून होड्यांनी कलकत्त्याला जाई. नदीला पुरेसे पाणी पावसाळ्यातच असे, त्यामुळे वर्षभर खणलेला माल काठावर पावसाची वाट पाहत पडून राही. 1855 मध्ये राणीगंजपर्यंत रुळ गेले तेव्हा ती खाण खऱ्या अर्थाने बाजाराला जोडली गेली. मुंबई मात्र बंगालपासून फार दूर होती. 1869 मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि विलायती मालाची वाट आणखी जवळ झाली. वर्धा खोऱ्याच्या कोळशाला टक्कर द्यायची होती ती अशा स्पर्धकांशी.

वरोरा म्हटले की आज आपल्याला बाबा आमट्यांचे आनंदवन आठवते. त्याच्या कितीतरी आधी या गावाची ओळख कोळशाची होती. 1870 च्या दशकात सरकारने स्वतः इथे खाण काढली आणि खाणीसाठी वर्ध्यापासून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत सुमारे 72 किलोमीटरचा फाटा घातला. त्या फाट्याचे नावच ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’ होते. तो 1877 च्या सुमारास पुरा झाला. त्याच 1877 मध्ये ह्यूज यांचा ग्रंथ आला आणि त्याच वर्षी 1 जानेवारीला नागपुरात जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. मुंबई सोडून नागपूर निवडताना टाटांनी मांडलेला हिशेब हाच होता की कापूस दाराशी आहे आणि कोळसा जवळ, वरोऱ्याला आहे. नकाशा, रुळ आणि गिरणी एकाच वेळी जुळून आल्याचे इतके स्वच्छ उदाहरण आपल्या भागात दुसरे नाही.

वरोऱ्याच्या कोळशात उणिवाही होत्या. माझ्या टेबलावर वर्धा खोऱ्यातल्या कोळशाचे एक ढेकूळ आहे. एका निवृत्त खाणकामगाराने ते माझ्या हातात ठेवले तेव्हा ते घट्ट होते. एक पट्टा चकाकता, एक मळकट, असे पट्टे त्यात स्पष्ट दिसत. एक उन्हाळा गेला आणि त्याला बारीक भेगा पडल्या. पावसाळ्यानंतर उचलायला गेलो तर कोपरा चुरा होऊन बोटांना लागला. या कोळशात ओलावा जास्त, राखही जास्त. उघड्यावर तो फुटतो आणि ढीग मोठा असला तर आतल्या आत तापून पेटतोही. म्हणून तो साठवून ठेवणे धोक्याचे आणि लांब नेणे तोट्याचे. रेल्वेचे भाडे वजनावर लागते, गिरणीला उपयोग उष्णतेचा होतो. राख आणि पाणी यांचेही भाडे भरावे लागत असेल तर जितका प्रवास लांब तितका माल महाग पडतो. प्रत्येक खाणीभोवती असे एक अदृश्य वर्तुळ असते. त्याच्या आत तिचा कोळसा विकला जातो, बाहेर दुसऱ्या कोणाचा. मुंबई वरोऱ्याच्या वर्तुळाबाहेर राहिली. पुढे 1915 मध्ये टाटांच्या कंपनीने खोपोलीला सह्याद्रीच्या पाण्यावर वीज काढून मुंबईच्या गिरण्यांना दिली, त्यामागे दूरवरून येणाऱ्या महाग कोळशाचे कारण मोठे होते. कोळशापासूनच्या अंतराने घाटमाथ्यावर धरणे उभी केली, असे म्हटले तर चूक ठरू नये.

या हिशेबाचे आणखी मोठे उदाहरण पोलादाचे आहे. 1882 मध्ये फॉन श्वार्ट्झ नावाच्या तज्ज्ञाने चांदा जिल्ह्यातल्या लोखंडावर अहवाल दिला. लोहाऱ्याच्या टेकडीचे कच्चे लोखंड उत्तम आणि वरोऱ्याचा कोळसा जवळ, हे वाचून जमशेदजींनी तो कोळसा तपासणीसाठी जर्मनीला नेला. लोखंड गाळण्यासाठी तो उपयोगाचा नाही असे उत्तर आले. सरकारच्या खाणपट्ट्यांच्या अटीही जाचक होत्या. ते स्वप्न वीस वर्षे मागे पडले. पुढे जमशेदजींचे पुत्र दोराबजी टाटा नागपुरात असताना तिथल्या संग्रहालयातल्या भूवैज्ञानिक नकाशावर दुर्ग भागातल्या लोहखनिजाची खूण त्यांच्या नजरेस पडली. ते काम सर्वेक्षण विभागातले प्रमथनाथ बोस यांचे होते. त्याच बोस यांच्या 1904 च्या पत्राने टाटांना मयूरभंजच्या गोरुमहिसानीकडे नेले. कारखाना अखेर साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, उभा राहिला, कारण तिथून खनिजही जवळ होते आणि झरियाचा, लोखंड गाळायला योग्य असा कोळसाही. चांद्याचा कोळसा लोखंड गाळण्याच्या जातीचा असता तर जमशेदपूर कदाचित विदर्भात असते.

आता पुन्हा आमच्या गावाकडे. पूर्णा आणि केळणेच्या संगमावरचे जाफराबाद निजामाच्या राज्यात होते आणि शेजारचे देऊळगाव राजा, चिखली हे वऱ्हाडात, म्हणजे इंग्रजांच्या कारभाराखाली. एका शिवारापलीकडे राज्य बदलत असे आणि त्याबरोबर कोळशाची वाटही. उत्तरेला खामगावचा कापूसबाजार 1870 मध्ये फाट्याने मुंबई-नागपूर मार्गाला जोडला गेला. दक्षिणेला जालन्याला आगगाडी आली ती 1900 च्या सुमारास, मनमाड ते सिकंदराबाद या हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेने. निजामाच्या राज्याचा स्वतःचा कोळसा होता तो तेलंगणात. भूवैज्ञानिक विल्यम किंग यांना 1871 च्या सुमारास येल्लंदूजवळ तो सापडला. 1886 मध्ये हैदराबाद डेक्कन कंपनीने हक्क घेतले. त्या व्यवहारातले शेअरचे प्रकरण इतके गाजले की 1888 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटला चौकशी समिती नेमावी लागली. पुढे 1920 मध्ये सिंगरेणी कॉलरीज कंपनी स्थापन झाली. तेलंगणातले रुळ ब्रॉडगेज आणि आमच्याकडचे मीटरगेज. मध्ये गेज बदलले की माल एका वाघिणीतून दुसरीत ओतावा लागतो आणि प्रत्येक ओतण्यात चुरा वाढतो, मजुरी वाढते. जालन्यापासून पुढची वाट बैलगाडीची होती. पोत्यातला कोळसा आमच्या लोहाराच्या दारात येईपर्यंत त्याची मूळ किंमत थोडी आणि वाटेची किंमत फार झालेली असे.

निजामाच्या हद्दीत राजुऱ्याजवळ सास्ती आणि पवनी इथेही वर्धा खोऱ्याचाच कोळसा होता. नदीच्या एका काठावर बल्लारपूर इंग्रजांचे, दुसऱ्या काठावर सास्ती निजामाची, थर मात्र पाण्याखालून सलग. बल्लारपूर ते काझीपेठ रुळ 1920 च्या दशकाच्या अखेरीस जोडले गेले तेव्हा या दोन काठांमधले अंतर खऱ्या अर्थाने मिटले. वरोऱ्याची जुनी खाण त्याआधीच, 1906 मध्ये बंद झाली होती. बल्लारपुरात नवे काम सुरू झाले, आणि खाणींची ती मालिका आज वेस्टर्न कोलफील्ड्सच्या रूपाने चालू आहे.

हा सगळा इतिहास केवळ शोधाचा आणि रुळांचा नाही. खाण निघाली तिथले रान तुटले, स्लीपरांसाठी सागवान गेले आणि ज्या गोंडांच्या नावाने हे खडक ओळखले जातात त्यांच्याच वस्त्या हटल्या. जमिनीखाली पुरुषांबरोबर बायकाही राबत. मजूरखाते सांभाळताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर डिसेंबर 1943 मध्ये झरियाच्या खाणीत स्वतः उतरले होते. 1944 मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधी सुरू झाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर उपकर बसवून त्यातून कामगारांचे दवाखाने, पाणी आणि घरे यांची सोय करायची, अशी त्याची रचना होती. बाजाराकडे निघालेल्या प्रत्येक टनाने मागे राहिलेल्या माणसाचे काही देणे द्यावे, हा विचार मला या सबंध इतिहासातला सर्वांत मोलाचा वाटतो. म्हणून पुस्तकाचे शेवटचे प्रकरण मी त्यालाच दिले आहे.

पुस्तकाची मांडणी वाटेच्या क्रमाने केली आहे. पहिल्या भागात खडक आणि ते वाचण्याची रीत, दुसऱ्यात सर्वेक्षण करणारी माणसे, तिसऱ्यात वरोरा आणि बल्लारपूर, चौथ्यात निजामाच्या राज्यातला कोळसा, पाचव्यात रुळ, भाडे आणि बाजार, आणि सहाव्यात खाणकामगार. ज्यांना भूविज्ञानाची सवय नाही त्यांनी पाचव्या भागापासून सुरुवात केली तरी चालेल. भाड्याचा हिशेब ध्यानात आला की खडकांचे प्रकरण आपोआप कळू लागते. शिक्षकांना मात्र विनंती आहे की पहिला भाग विद्यार्थ्यांना गावातल्या एखाद्या जुन्या विहिरीच्या काठावर नेऊन वाचून दाखवावा.

आपल्याकडे कोळसा नाही म्हणून हा विषय आपला नाही, असे कोणी म्हणू नये. जालन्याच्या पोलाद कारखान्यांना लागणारी वीज असो की जाफराबादच्या शेतातला पाण्याचा पंप, चंद्रपूर आणि परळीसारख्या औष्णिक केंद्रांमार्फत आपण त्या थरांशी रोज जोडलेले आहोत. जालना-खामगाव रेल्वेची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे आणि आमच्या भागातली माणसे ती अजूनही उराशी धरून आहेत. वाट नसलेल्या गावाला आपल्या मालाचे मोल का मिळत नाही, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. वर्धाकाठचा कोळसा रुळांची वाट पाहत होता, तसा आमचा कापूस आणि मका आजही पाहतो आहे.

लहानपणी जालन्याच्या फाटकापाशी एसटी थांबली की मी खिडकीतून मालगाडीच्या वाघिणी मोजत असे. वरपर्यंत भरलेला काळा कोळसा आणि त्यावरची धूळ मला अजून आठवते. मोजताना तिशी-चाळिशीत कुठेतरी आकडा चुकायचा. आज मी आकडा धरत नाही. वाघीण पुढे सरकली की ती कुठल्या थरातून निघाली, कोणी भरली आणि किती लांबून आली, हे मनात येत राहते. वाचकांच्या मनातही ते यावे, एवढीच इच्छा धरून हे पुस्तक त्यांच्या हाती देतो.

जाफराबाद, गुढीपाडवा